नाव पटावर, मुलगा शेवटच्या बाकावर

अकोल्यात माझ्या खालाचा मुलगा उर्दू शाळेत शिकत होता. त्याला कमी ऐकू येत असे. जागा शेवटच्या बाकावर, आणि सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. ओठ दिसत नसत, त्यामुळे त्याला काही कळत नसे. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. "आमचंच पोरगं मंद," असे खाला कितीतरी वर्षे म्हणत राहिली.

सर्वसमावेशक शिक्षणाचा विषय निघाला की मला तो आठवतो आणि वऱ्हाडचा जुना इतिहासही. अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टिहीन झाले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी अभ्यास केला आणि स्वतः शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्याच काळात इजिप्तमध्ये ताहा हुसेन (१८८९-१९७३) लहानपणी अंध झाले. गावच्या मकतबमध्ये ऐकून कुरआन पाठ केले, पुढे अल-अझहरमध्ये शिकले आणि १९५० मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले. दोघेही असामान्य बुद्धीचे होते, हे खरेच. पण ऐकून पाठ करण्याच्या रीतीत अंध मुलाला जागा होती. शिक्षण फळ्यावर आणि छापील पुस्तकावर आले, तेव्हा ती गेली.

ही जागा परत मिळवून देण्याचे प्रयत्न सरकारनेही केले. १९७४ मध्ये अपंग मुलांना साध्या शाळांत शिकवण्याची केंद्राची योजना आली. पुढे १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. या शेवटच्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. अध्ययन अक्षमताही त्यात आली. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला.

कायद्याने नाव पटावर आले. वर्गातले काम मात्र शिक्षकाचेच आहे: मुलाला पुढे बसवणे, त्याच्याकडे तोंड करून बोलणे, परीक्षेत गरज असेल तर लेखनिक आणि जादा वेळ मिळवून देणे. उर्दू शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षकाला उर्दू येत नसेल, तर मुलाची अडचण दुप्पट होते.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत एवढे तरी विचारा: आपल्या शाळेत कोणाला नीट ऐकू किंवा दिसत नाही, आणि तो कुठे बसतो?

खालाचा मुलगा आज मोटारसायकली दुरुस्त करतो. इंजिनावर हात ठेवून तो बिघाड ओळखतो.