डबा आधी आला, ओपनर मागाहून

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे अचानक पाहुणे आले. फळीवर आमरसाचा पत्र्याचा डबा होता, पुऱ्या तळून झाल्या होत्या, आणि ओपनर काही केल्या सापडेना. शेवटी जाऊबाईंनी डब्यावर स्क्रू-ड्रायव्हर धरला आणि वरवंट्याने ठोकला. रस निघाला, पण कापलेल्या पत्र्याने त्यांचा अंगठाही चिरला. हळद लावता लावता त्या म्हणाल्या, "डबा करणाऱ्याने तो उघडायचा कसा, याचा विचारच केला नाही का गं?"

खरं सांगू? नव्हताच केला!

ही गोष्ट नेपोलियनच्या काळातली. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. अन्न काचेच्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, म्हणजे ते महिनोन्‌महिने टिकतं, असं त्याने दाखवून दिलं. सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. पुढे १८१० साली लंडनमध्ये पीटर ड्युरंड याने बाटलीऐवजी पत्र्याचा डबा वापरायचं पेटंट घेतलं. १८१३ च्या सुमारास ब्रायन डॉन्किन यांच्या कारखान्यातून असे डबे ब्रिटिश आरमाराकडे जाऊ लागले.

हे डबे लोखंडाच्या जाड पत्र्याचे, वर कथिलाचा मुलामा दिलेले. १८२४ साली पॅरी या दर्यावर्दीबरोबर उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात मांसाचे डबे गेले. त्यावर सूचना होती, की छिन्नी आणि हातोडी घेऊन वरच्या कडेजवळून गोल कापा! सैनिक तर संगिनीनेही डबे फोडत.

डब्यासाठी खास ओपनर इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्सने केलं १८५५ साली, आणि अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने १८५८ साली. म्हणजे डब्यानंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी! इतका उशीर का? जहाजावर आणि छावणीत छिन्नी-हातोडी हाताशी असायची, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. डबे घरोघरी येऊ लागले, पत्राही पातळ झाला, तेव्हा कुठे उघडणाऱ्या हाताकडे लक्ष गेलं. वॉर्नरचं ओपनरही इतकं धारदार होतं, की पुष्कळदा दुकानदारच डबा उघडून गिऱ्हाइकाला देई. १८७० साली विल्यम लायमनने फिरत्या चाकाचं ओपनर काढलं.

पुढे १९५९ साली अमेरिकेतले अर्मल फ्रेझ सहलीला गेले आणि ओपनर घरीच विसरले. पेयाचा डबा त्यांनी मोटारीच्या बंपरवर फोडला. त्यातून त्यांना डब्यालाच ओढायची कडी लावायची युक्ती सुचली. पण लोक त्या कड्या वाटेत टाकत आणि त्या पायाला कापत. म्हणून १९७५ च्या सुमारास डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली.

आता आपल्यापुरतं बोलू. ओपनर नसेल तर विळी नको, सुरीचं टोकही नको. आजच्या डब्याचं झाकण कडेला दुमडून बसवलेलं असतं. डबा पालथा धरून ती कड खडबडीत सिमेंटवर गोल गोल घासा. दुमड झिजते. किंचित ओल दिसली की थांबा, डबा सुलटा करा आणि पत्र्याचा कीस ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग बाजूंनी दाबलं की झाकण सुटतं. हाताला जाड फडकं मात्र हवंच. आणि डबा फुगलेला असेल तर उघडूही नका, चाखूही नका. वास चांगला आला तरी आत विष झालेलं असू शकतं.

आमच्याकडे आता ओपनर दोरीने बांधून फळीच्याच खिळ्याला टांगलंय. गाठ जाऊबाईंनी स्वतः मारली आहे. तुमच्याही घरात आजच शोधा, कुठे आहे ते.