‘सावकारी पाश’ आणि वतनाचा पाश

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर म्हटले की कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली जाते. स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवणारा हा मिस्त्री घराण्यातला कारागीर मोठाच. पण आम्हाला त्यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ जास्त मोलाचा वाटतो. पडद्यावर देवादिकांची गर्दी असताना त्यांनी कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला. तरुण शांतारामांनी ती भूमिका केली. हे धाडसच होते!

पण पाश एकट्या सावकाराचा होता का? महारांच्या गळ्यात वतनाचा पाश होता. जमिनीच्या तुकड्यासाठी अख्ख्या गावाची वेठ करायची. शाहू महाराजांनी याच कोल्हापूर संस्थानात १९१८ साली महार वतन रद्द केले. सात वर्षांनी आलेल्या चित्रपटातला पाश मात्र सावकाराचाच. वतनाची गोष्ट पडद्याबाहेर राहिली. ती १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक म्हणून मांडली.