मतदानाने जुगारी

पत्ते म्हणजे आमच्याकडे श्रावणातली तीनपत्ती, तीही पाच-पाच पैशांची. त्यामुळे लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चा इतिहास मी परक्याचं पासबुक वाचावं तसा वाचला.

१९७० साली बेनी बिनियन या कॅसिनोमालकाने आपल्या ‘हॉर्सशू’त नामांकित जुगारी जमवले आणि विजेता ठरवला तो चक्क मतं घेऊन! जॉनी मॉस निवडून आला. आधी प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं होतं, अशी दंतकथा आहे. बँकेतल्या युनियनची निवडणूक पाहिलेल्याला ती खरीच वाटेल. १९७१ पासून मात्र सगळ्यांचे पैसे एकाकडे जमेपर्यंत खेळायचं ठरलं. पुन्हा मॉसच जिंकला. म्हणजे मतदार शहाणे होते! १९७२ ला मुख्य स्पर्धेची फी दहा हजार डॉलर झाली, ती अजून तेवढीच आहे. इथे लॉकरचं भाडं बघा.

आणि २००३ मध्ये टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच!), इंटरनेटवरच्या स्वस्तातल्या पात्रता फेरीतून आला, ८३९ जणांत पहिला आला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी २,५७६ जण खेळायला हजर!

हे मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. आमचे कॅशियर ‘हिशेबनीस?’ एवढंच म्हणाले आणि डबा तसाच ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. संध्याकाळी कॅश आम्ही दोनदा मोजली.