तळोज्याच्या टायरला शून्य अंशाची परीक्षा

तळोजा एमआयडीसीतून न्हावा-शेव्याकडे निघालेल्या ट्रकचं चाक साधारण मीटरभर व्यासाचं असतं. ताशी 60 किलोमीटर वेगाला ते सेकंदात पाचेक फेऱ्या मारतं. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग तासाभरात सुमारे 19 हजार वेळा दबतो आणि सुटतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही आतच राहते आणि टायर तापतो.

या तापण्याची मोठी किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. 1942च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि जावा जिंकलं, अमेरिकेचं नैसर्गिक रबर जवळपास बंद झालं. मग ब्युटाडाइन आणि स्टायरीनपासून कृत्रिम रबर बनू लागलं. 1945 साली उत्पादन 7 लाख टनांच्या वर गेलं. मोटारींना ते चाललं. अवजड ट्रकच्या टायरात मात्र ते इतकं तापायचं, की नैसर्गिक रबर मिसळावंच लागे.

नुसता कडकपणा मोजून हे कळत नाही. सारख्याच कडक दोन रबरांपैकी एक थंड राहतं, दुसरं तापतं. म्हणून प्रयोगशाळेत रबराची पट्टी लयीत ताणतात-सोडतात आणि ती बलाच्या किती मागे पडते ते मोजतात. या मागे पडण्याच्या मापाला 'टॅन डेल्टा' म्हणतात. ते जितकं जास्त, तितकी ऊर्जा वाया. आपल्या रबर उद्योगाची संशोधन संस्था, पूर्वीची 'इर्म्रा', ठाण्यात वागळे इस्टेटला आहे.

टायरच्या रबराचा टॅन डेल्टा 60 अंशांना कमी हवा, म्हणजे डिझेल वाचतं. शून्य अंशाला मात्र जास्त हवा, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड मिळते. पण तळोज्यात शून्य अंश येणार कुठून?

ब्रेक दाबला की डांबराच्या खडबडीतपणावरून घसरताना रबर सेकंदाला हजारो वेळा हलतं. त्याच्या लांबलचक रेणूंना सावरायला वेळच मिळत नाही. थंडीतही तेच होतं: रेणू आळसावतात. म्हणजे वेग वाढवणं आणि तापमान उतरवणं, रबराच्या लेखी जवळपास एकच. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी 1955 साली याचं सूत्र मांडलं. त्यामुळे प्रचंड वेगाचं यंत्र लागत नाही. पट्टी थंड करून सावकाश हलवली तरी भागतं.

जुलैच्या पावसात कळंबोलीच्या उतारावर भरलेला ट्रक वेळेत थांबेल का, याचं बरंचसं उत्तर त्या थंड डब्यातली बोटभर पट्टी आधीच देऊन ठेवते.