डोंगरातल्या सराया आणि माझे दहापैकी गुण

मी दारू पीत नाही. अशा माणसानं इंग्लंडमधल्या डोंगराळ भागातल्या पबना गुण द्यायचे, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला. तरी देतो. मी तिथं प्यायला नाही, इतिहास पाहायला गेलो होतो.

मँचेस्टरला राहणाऱ्या भाच्याबरोबर रेल्वेनं एडेलला उतरलो. पीक डिस्ट्रिक्टमधलं हे लहानसं खेडं. इथला जुना पब म्हणजे ‘ओल्ड नॅग्ज हेड’. नॅग म्हणजे तट्टू. पाठीवर माल लादलेले तट्टूंचे तांडे पूर्वी याच वाटेनं पेनाइन डोंगर ओलांडत. दारात माझे पाय अडखळले. भाचा म्हणाला, “मामू, चला ना, चहापण मिळतो.” आत गेल्यावर वर्गात शिकवतो तो ‘सराय’ शब्द आठवला. वाटसरूला छप्पर, जनावराला चारा. आपल्या घाटवाटांवरही हेच होतं की!

एडेलच्या डोक्यावर किंडर स्काउटचं पठार आहे. एके काळी ते जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, सामान्यांना बंदी. 24 एप्रिल 1932 रोजी गिरण्या-कारखान्यांत राबणारे शेकडो तरुण हेफील्डहून बंदी मोडून वर चढले. शेफील्डची एक तुकडी एडेलच्या बाजूनं गेली. पुढारी होता बेनी रॉथमन, मँचेस्टरचा वीस वर्षांचा ज्यू तरुण. पाच जणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. पण 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. 1965 मध्ये खुली झालेली 268 मैलांची ‘पेनाइन वे’ ही पायवाट याच पबपासून सुरू होते. ज्या डोंगरासाठी पोरं तुरुंगात गेली, तिथं आज कुणीही चालू शकतं. मीही चाललो.

हीच वाट उत्तरेला ‘टॅन हिल इन’जवळून जाते. उंची 1,732 फूट, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. भोवती ओसाड माळ, वारा आणि मेंढ्या. एवढ्या आडरानात पब कशाला? कारण आसपास कोळशाच्या खाणी होत्या. खाणी मिटल्या, पब टिकला. नोव्हेंबर 2021 च्या वादळात बर्फानं रस्ते बंद झाले आणि साठेक माणसं तीन रात्री इथंच अडकली. एकमेकांना अनोळखी लोक एका छपराखाली राहिले. सराय आणखी वेगळी काय असते?

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1830 च्या कायद्यानं बिअर विकण्याचा परवाना स्वस्त आणि सोपा झाला, गल्लोगल्ली बिअरची दुकानं उघडली आणि मजुरांची कमाई तिथं जिरू लागली. दोनच वर्षांत प्रेस्टनमध्ये जोसेफ लिव्हसी आणि सोबत्यांनी दारू संपूर्ण सोडण्याची शपथ घेतली. म्हणजे पबवरचा पहिला आक्षेप बाहेरच्यांचा नव्हता, त्याच मातीतला होता.

तर गुण. नॅग्ज हेडला आठ, टॅन हिलला नऊ. दोघांचा एकेक गुण कापलाय, तो रित्या हातांनी घरी परतलेल्या त्या मजुरांच्या बायकापोरांसाठी. बाकीचे गुण शेकोटीचे, दाराचे आणि चहाच्या त्या कपाचे.

“तुम्ही का पीत नाही,” असं तिथं मला कुणीच विचारलं नाही. चिखलानं भरलेले बूट पायात होते, तेवढी ओळख पुरली.