एकवीस लेपांचा धागा

काशी म्हटली म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गंगेचे घाट, विश्वनाथाचे मंदिर आणि ते १७८० साली पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई उभ्या राहतात. परंतु या नगरीचे शस्त्रवैद्यकाशीही तितकेच जुने नाते आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांच्यापाशी सुश्रुताने शल्यशास्त्राचे अध्ययन केले, असे सुश्रुतसंहिताच सांगते. श्रोतेहो, त्या परंपरेतील एका साध्या धाग्याची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. औषध शरीरात नेमके कोठे, किती वेगाने आणि किती काळ सुटावे, हा आजच्या औषधशास्त्राचा मोठा प्रश्न आहे. त्याचे एक जुने उत्तर या धाग्यात आहे.

भगंदर ही व्याधी फार चिवट. गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत एक नळीसारखी वाट तयार होते आणि ती पुनःपुन्हा पिकते. शस्त्राने ती एकदम उघडावी, तर मलावरोध करणाऱ्या स्नायूला इजा होण्याचा धोका. न उघडावी, तर रोग तसाच राहतो. कृश, दुर्बल आणि भित्र्या रोग्याच्या बाबतीत, तसेच मर्मस्थानी असलेल्या नाडीव्रणात, शस्त्राऐवजी क्षारसूत्र वापरावे, असा सुश्रुताचा सल्ला आहे. पुढे अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने हळद आणि निवडुंगाच्या जातीतील स्नुहीचा चीक यांचे लेप धाग्याला वारंवार द्यावेत, असे लिहून ठेवले. पण ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा? लेप कोणत्या क्रमाने द्यावेत? याचे उत्तर वैद्याच्या हाताला ठाऊक असे, आणि तो हात थांबला की उत्तरही लोपत असे.

बनारस हिंदू विश्वविद्यालयात विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय हाती घेतला. त्यांच्या कार्यातून जी रीत रूढ झाली, तिच्यात शल्यकर्मातील धाग्यावर एकूण २१ लेप चढवतात. पहिले ११ नुसत्या स्नुहीच्या चिकाचे. पुढचे ७ चीक आणि अपामार्ग, म्हणजे आपल्या आघाड्याच्या, क्षाराचे. शेवटचे ३ चीक आणि हळदीचे. एक लेप पुरता वाळल्यावाचून दुसरा द्यावयाचा नाही. चिकामुळे बाकीची द्रव्ये धाग्याला धरून राहतात, क्षार दूषित मांस हळूहळू झिजवतो, आणि हळद दाह शमवून व्रण भरण्यास साह्य करते. धागा नाडीतून ओवून बांधला की औषध रोगाच्या जागीच दिवसेंदिवस सुटत राहते. पू धाग्याच्या आधाराने बाहेर वाहतो. पुढे मांस कापले जात असता मागची जखम भरत येते. आठवड्याने जुन्याला नवा धागा जोडून बदलावयाचा आणि उतरलेल्या धाग्याची लांबी मोजावयाची. एक सेंटिमीटर वाट कापली जाण्यास किती दिवस लागले, हे या मोजणीतून कळते. ‘वारंवार’ या शब्दाची जागा आकड्याने घेतली, हीच या संशोधनाची खरी कमाई.

पुढची कसोटी अधिक कठीण होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेने व्रण ४ आठवड्यांत भरत होता, धाग्याने ८ आठवड्यांत. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११, तर धाग्यानंतर शेकडा ४ होते. ज्याला लवकर कामावर परतावयाचे आहे, त्याला हे ८ आठवडे जड जाणार, हेही या आकड्यांत आले. परंपरेची बाजू आणि उणीव दोन्ही एकाच पानावर आल्या, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवणे शक्य झाले.

जगातही हाच विचार वेगळ्या वाटेने चालला होता. अमेरिकेत १९५२ च्या सुमारास एका कॅप्सूलमध्ये जाड-पातळ वेष्टनांचे असंख्य बारीक कण भरून औषध तासन्‌तास पुरवण्याची युक्ती निघाली. १९७६ साली रॉबर्ट लँगर आणि जुडा फोकमन यांनी प्रथिनांसारखे मोठे रेणूही पॉलिमरमधून दीर्घकाळ सोडता येतात, हे दाखवले. आता तर कोणत्या पॉलिमरमधून कोणते औषध किती वेगाने सुटेल, याचा अंदाज पूर्वीच्या प्रयोगांवरून बांधण्यास संगणकाला शिकवले जाते. या विद्येला मशीन लर्निंग म्हणतात. योगायोग असा की, भारतातील औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षणही १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी याच काशीच्या विश्वविद्यालयात सुरू केले.

पण यंत्र झाले तरी ते शिकते कशावरून? कोणीतरी लिहून ठेवलेल्या नोंदींवरूनच. केवळ यशाच्याच नोंदी ठेवल्या, तर यंत्रही खोटेच शिकेल. आपल्या घराघरांत आजीच्या हातचे लेप, काढे आणि मात्रा यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यातील किती खरे आणि किती निरुपयोगी, हे बहुतेक वेळा कोणी मोजले नाही. म्हणून खरेही हरपले आणि निरुपयोगीही मिरवत राहिले. काशीतील या धाग्याचे तसे झाले नाही, कारण कोणीतरी त्याचे लेप मोजले, दर आठवड्याला त्याची लांबी मोजली, आणि जे आढळले ते जसेच्या तसे लिहून ठेवले.