स्थलांतर, रोजगार आणि आर्थिक वाढ : जुन्या बासिम जिल्ह्याचा अनुभव

बाहेरचा माणूस आला की स्थानिकाचे काम जाते, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की त्याची ऐतिहासिक तपासणी करण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. महाराष्ट्रात १९६६ नंतर या प्रश्नाची जी चर्चा झाली ती प्रामुख्याने मुंबईभोवती फिरत राहिली. विदर्भाचा, आणि त्यातही वाशिमसारख्या जिल्ह्याचा विचार होतो तो केवळ बाहेर जाणाऱ्या मजुरांच्या संदर्भात. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाड हा माणसे ओढून घेणारा प्रांत होता. त्या आगमनाने येथील रोजगारावर व उत्पादनावर कोणता परिणाम झाला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. तथापि वाशिम हे त्यापूर्वीही जिल्ह्याचे ठिकाण होते. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिल्यानंतरच्या व्यवस्थेत बासिम या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता व त्यात बासिम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके समाविष्ट होते. त्याचे क्षेत्रफळ २,९४९ चौरस मैल होते. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडण्यात आला. बासिम व मंगरूळ अकोल्याकडे, तर पुसद यवतमाळकडे गेले. (आजच्या जिल्ह्यातील कारंजा मात्र त्या जिल्ह्यात नव्हते, हे जुने आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.)

वऱ्हाडचा कापूस रेल्वेपूर्वीही दूरवर जात असे. बैलांच्या पाठीवर लादून तो गंगेकाठच्या मिर्झापूरला नेला जाई. १८२५-२६ मध्ये विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीने मुंबईला कापूस पाठविला. वऱ्हाडातून मुंबईकडे झालेली ही पहिली लक्षणीय निर्यात मानली जाते. तो माल होता ५०० बैलांच्या ओझ्याचा. म्हणजे वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट दाखविणारेच मुळात बाहेरून आलेले व्यापारी होते. पुढे १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीन मोजणी व रयतवारी आकारणी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासू लागली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले, तरी रेल्वेमुळे कापसाखालचे क्षेत्र पुढेही वाढत राहिले.

या वाढीला हात हवे होते. पडीक जमीन मोडणे, निंदण, वेचणी, सरकी काढणे, गाठी बांधणे, गाड्या हाकणे, सडका व लोहमार्ग घालणे ही सगळी कामे एकाच वेळी निघाली. शेजारच्या निजामी मुलखातून, मध्य प्रांतातून व मुंबई इलाख्यातून माणसे आली. १८७६-७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ वऱ्हाडाला तुलनेने कमी बाधला, हेही येथे येण्याचे एक कारण ठरले. १८६७ च्या गणनेत सुमारे २२ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाखांवर गेली. पहिल्या गणनेतील त्रुटी जमेस धरल्या तरी ही वाढ केवळ जन्मदराने झाली असे म्हणता येत नाही.

मग स्थानिक मजुराचे काम गेले काय? १८६० च्या दशकात तरी तसे दिसत नाही. मजुरांची संख्या वाढत असताना मजुरीही वाढली, कारण कामाची मागणी त्याहून वेगाने वाढत होती. श्रमाचा बाजार म्हणजे ठरावीक भाकरी, एक खाणारा वाढला की दुसऱ्याचा तुकडा कमी, हे गृहीतक येथे लागू पडत नाही. अर्थात धान्यही त्याच काळात महागले. त्यामुळे हातात आलेले जास्तीचे रुपये पोटात किती गेले, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

येणारे सगळे सारखे नव्हते, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. मजूर श्रम घेऊन आला. मारवाडी सावकार, कच्छी व्यापारी, अडत्या आणि दलाल भांडवल घेऊन आले. मजुराच्या येण्याने उत्पादन वाढले. भांडवलाच्या येण्यानेही ते वाढले, परंतु त्याबरोबर वाढाव्याचा मोठा हिस्सा कर्जाच्या वाटेने कुणब्याच्या खळ्यातून निघून गेला. गावाचा रोष मात्र सावकारापेक्षा परक्या मजुरावर अधिक सहजपणे उमटतो, हे केवळ वऱ्हाडापुरते खरे नाही.

या काळात ज्यांचा रोजगार खरोखरच बुडाला त्या समाजाचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. मीठ, धान्य व कापूस वाहणारे लमाण-बंजारा तांडे हे दख्खनच्या व्यापाराचे वाहक होते. त्यांचे काम कोणा परप्रांतीयाने हिरावले नाही. ते आगगाडीने व पक्क्या सडकेवरील बैलगाडीने हिरावले. हळूहळू तांडे मंगरूळ-पुसदच्या डोंगराळ, हलक्या जमिनीच्या पट्ट्यात स्थिरावले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान आज याच जिल्ह्यात आहे. चांगली काळी जमीन आधीच लागवडीखाली गेलेली असल्याने उशिरा स्थिर झालेल्यांच्या वाट्याला माळरान आले. पुढील शंभर वर्षांचे दारिद्र्य या एका वस्तुस्थितीतून बरेचसे उलगडते.

वाढ झाली, परंतु ती एका पिकाच्या व पावसाच्या भरवशावर. बासिम अकोला स्टेशनापासून ५२ मैल दूर होते. खांडवा-हिंगोली मार्गाने या शहराला रेल्वे मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. कापूस येथून बाहेर गेला आणि त्यावरील प्रक्रियेचा रोजगारही बव्हंशी बाहेरच राहिला. प्रांताच्या महसुलाची गोष्टही निराळी नव्हती. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेताना निजामाला वार्षिक २५ लाख रुपये देण्याचे ठरले. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा या वाढीचा पोकळपणा उघड झाला. १९०१ च्या जनगणनेत बासिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली; दहा वर्षांतील ही घट ११ टक्के होती. संपूर्ण वऱ्हाडची घट मात्र सुमारे ५ टक्केच होती.

१९०५ मध्ये ज्या पुसद तालुक्याची ताटातूट झाली, त्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमी योजना राज्यभर आली; १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिचा आधार मिळाला. गावातच काम मिळाले तर गाव सोडावे लागणार नाही, हा विचार मांडणारे सरकार तांड्यातून आलेल्या नेत्याचे होते, हा योगायोग अभ्यासकांनी पुरेसा तपासलेला नाही. तरीही दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर किंवा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आजही या भागात आहेत. २०१८ मध्ये वाशिमचा समावेश देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या साखरेच्या उत्पादनात या जिल्ह्याचे श्रम मोजले जातात, परंतु ते त्या जिल्ह्यांच्या नावावर.

जनगणनेच्या आकड्यांबाबत एक पद्धतिशास्त्रीय अडचण येथे नोंदविणे आवश्यक वाटते. १८८१ ची गणना १७ फेब्रुवारीला, १८९१ ची २६ फेब्रुवारीला आणि १९०१ ची १ मार्चला झाली. २०११ ची गणनाही ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली व तीत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० नोंदविली गेली. त्या काळी फेब्रुवारीत कापसाच्या हंगामासाठी आलेला मजूर वऱ्हाडात असण्याचा संभव होता. आज त्याच महिन्यात ऊसतोडीचा हंगाम भरात असतो आणि मानोऱ्याच्या तांड्यांतील अनेक घरांना कुलूप असते.